राच दुआच्या पुलावर सांडलेल्या पाण्याबाबत

पोलीस चौकी, फू हाऊ
दिनांक १९ मार्च

मी, लाम वान खियेत, वय ७१ वर्षे, धंदा अंत्ययात्रेतील खांदेकऱ्यांचा म्होरक्या, शिक्षण गावच्या शाळेत पाचवीपर्यंत, राहणार राच दुआ कालव्याचा पूर्व काठ, फू हाऊ. चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व धाकट्या मुलाच्या कुटुंबासह राहण्यास आहे. भावंडांत माझा नंबर सहावा, म्हणून गाव मला साऊ काका म्हणते. साऊ म्हणजे सहा.

आज रोजी मला दोआन वान थुआन, तांदूळ गिरणीवाले, यांनी दिलेली तक्रार वाचून दाखवण्यात आली. तक्रारीत असे आहे की, त्यांच्या मातोश्री न्गो थी लान्ह, वय ८४, यांची अंत्ययात्रा राच दुआच्या झुलत्या पुलावरून जात असता मी चालण्याचा ठेका मुद्दाम मोडला, खांदेकऱ्यांना मोठमोठ्याने बडबड करावयास लावली, पेटीवरील पेल्यातले पाणी सांडवले आणि मयताची अप्रतिष्ठा केली. यातील एकही शब्द खोटा नाही.

माझ्या कामाबद्दल विचारले असता सांगतो की, आमच्या भागात मयताची पेटी खांद्यावरून नेतात. पेटीच्या झाकणावर काठोकाठ भरलेला पेला ठेवतात. म्होरक्या पुढे राहून लाकडी चिपळ्या वाजवतो आणि सगळे खांदेकरी त्या आवाजावर एकदम पाय उचलतात, एकदम टाकतात. पाणी हलले नाही तर आतल्या माणसाची झोप मोडली नाही असे धरतात. मिसरूड फुटल्यापासून मी हे काम करतो. या तालुक्यात माझ्या हातून पेला हिंदकळल्याचे पाहिलेला माणूस मिळणार नाही, म्हणजे मागील आठवड्यापर्यंत मिळाला नसता. ठेका माझ्या अंगात शाळेतच भिनला. आम्ही कविता हातावर टाळी देत म्हणत असू. सहा अक्षरांची ओळ, मग आठ अक्षरांची, मग पुन्हा सहा. खिडकीबाहेर ताडाची झाडे होती आणि मास्तरांना दुपारी डुलकी लागली तरी आमचा ठेका चालूच राही.

(येथे जबाब देणाऱ्यांनी शाळेतील एक कविता म्हणून दाखवली. तिचा प्रकरणाशी संबंध नसल्याने ती लिहून घेतली नाही.)

माझ्या शेजारी बाकावर किन्ह बसे. तो पुढे तान थोय गावच्या खांदेकऱ्यांचा म्होरक्या झाला. आमच्या दोघांत कोण बरा, यावर लोक लग्नाच्या पंगतीत वाद घालत. आम्ही घालत नसू. तो बरा होता.

गेल्या वर्षी कापणीनंतर तान थोयचा झुलता पूल पडला. त्यावेळी त्यावरून किन्ह म्होरक्या असलेली एक अंत्ययात्रा चालली होती. मी तेथे हजर नव्हतो. काठावरच्या लोकांनी मला सांगितले ते असे की, पूल मध्याजवळ आडवा झुलू लागला, झोका वाढत गेला, पूल पेलणारा एका बाजूचा तारदोर काठावरच्या ठोकळ्यातून सुटला आणि फळ्यांसह सगळे खाली गेले. अकरा माणसे मेली. त्यांत सहा खांदेकरी, दोन सुना आणि किन्ह. पेटी तरंगत काठाला लागली. तिच्यातल्या म्हाताऱ्याला काही झाले नाही. पूल पडेपर्यंत पेल्यातला थेंब सांडला नव्हता असे सगळे सांगतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो.

तान थोयचा पूल आणि आमचा राच दुआचा पूल एकाच वर्षी, एकाच हाताने बांधलेले आहेत. आमच्या पुलाचे उद्घाटन झाले तेव्हा मी त्यावर उभा होतो. पोरांच्या हातांत कागदी झेंडे होते आणि रंग इतका ओला होता की बायकांच्या बाह्या निळ्या झाल्या. त्यापूर्वी येथे बांबूचा साकव होता. एक बांबू पायाखाली, एक हाताला. त्यावर एका वेळी एकच माणूस. पडला तर भिजला, एवढेच. निळ्या पुलाचा मला फार अभिमान होता. अजूनही डोळे मिटले की तो निळाच दिसतो. प्रत्यक्षात आता त्याच्या सळयांचा पापुद्रा बोटाने निघतो आणि काठावरच्या ठोकळ्यात तारदोर जेथे शिरतो तेथे गंजाचे पाणी झिरपते.

तान थोयनंतर आमच्या गावाने पूल बंद करावा म्हणून अर्ज दिले. पलीकडे शाळा, बाजार आणि अर्ध्या गावाची शेते आहेत. प्रांतातून इंजिनिअर क्वाच थी दिएम बाई येऊन पाहून गेल्या. त्यांच्यासोबत मी होतो. त्यांनी आपले म्हणणे मला माझ्या घरी, माझ्या नातवाच्या झोळीपाशी बसून समजावले.

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही झोळीला झोका कसा देता?"

मी म्हणालो, "एका बोटाने."

"एका बोटाने एवढी मोठी झोळी कशी झुलते?"

"वेळ साधून दिलं तर झुलते. जाताना ढकलायचं, येताना नाही."

"तेच झालं तान थोयला. पूल म्हातारा होता हे खरंच. पण त्या सगळ्या माणसांनी एका पावलाने त्याला झोका दिला. फौजेची तुकडीसुद्धा पुलावर पावलं मोडून चालते."

मी त्यांना विचारले, "म्हणजे किन्ह जरा वाईट म्होरक्या असता तर?"

त्यांनी चहा संपवला. जाताना सांगितले की, त्यांनी पूल बंद करण्याची शिफारस लिहिली आहे, परंतु हुकूम वरून यावा लागतो. त्यानंतर पुलाच्या दोन्ही टोकांना पाट्या लागल्या. पाट्यांवर लिहिले आहे, "सावकाश जा." त्यापुढे काही आले नाही.

मार्च महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लान्ह आजी वारल्या. त्यांचे पती पलीकडच्या काठावर स्वतःच्या शेतात पुरलेले आहेत व त्यांची जागा त्यांच्याशेजारी राखलेली होती. जोशांनी काढलेला मुहूर्त ओहोटीत पडला. ओहोटीला कालव्यात गुडघाभर चिखल उरतो, होडी काठाला लागत नाही. दुसरा रस्ता तान थोयवरून होता. तो आता नाही. म्हणून यात्रा पुलावरून न्यायचे थुआन यांनी ठरवले.

मी आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर पाहुणे केळी सोलत होते. मी थुआनला म्हणालो की, मुहूर्त भरतीपर्यंत पुढे ढकल, आपण आजीला होडीतून नेऊ, पूर्वी सगळे असेच जात.

तो म्हणाला, "आईने मरायची वेळ तुम्हाला विचारून निवडली नाही, काका. पुरायची तरी जोशांना निवडू द्या."

मी म्हणालो, "मग पुलावर चिपळ्या नाहीत, ढोल नाही. गुपचूप चालू."

"गुपचूप? माझी आई म्हणजे काय शेजाऱ्याची कोंबडी आहे, काखेत मारून न्यायला?"

"थुआन, तो पूल म्हातारा आहे."

"तुम्हीही आहात. तुम्हाला जमत नसेल तर सांगा. शहरातली मंडळी मोटारीने येतात, गणवेश घालून येतात. त्यांचा म्होरक्या तिशीचा आहे."

शहरातल्या त्या मुलाचे काम मी पाहिलेले आहे. ठेका उत्तम आहे. तो आला असता तर त्याने लान्ह आजीला पुलाच्या मध्यापर्यंत थेंब न सांडता नेले असते. म्हणून मी मान हलवली. ती कोणत्या बाजूने हलवली हे थुआनने नीट पाहिले नाही, त्यास मी जबाबदार नाही.

यात्रेच्या दिवशी सकाळी आम्ही पेटी उचलली. बारा खांदेकरी होते. पुलापर्यंतचा रस्ता नेहमीप्रमाणे पार पडला, पेल्यात आभाळ दिसत होते. पुलाच्या तोंडाशी मी वाजंत्र्यांना व मागच्या मंडळींना काठावर थांबवले आणि पेटी पलीकडे टेकल्याशिवाय कोणी फळीवर पाय ठेवू नये असे सांगितले. आमच्याकडे बापाच्या पेटीमागून चालतात आणि आईच्या पेटीपुढे चालतात, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी. त्यामुळे थुआन माझ्या बाजूला, पेटीसमोर, काठीच्या आधाराने मागे मागे सरकत होता. त्याचे तोंड सरळ पेल्याकडे होते. इतक्या जवळून पेला पाहणारा साक्षीदार दुसरा नाही, तेव्हा त्याची तक्रार ग्राह्य धरावी.

पहिल्या फळीवर मी चिपळ्या कमरेला खोचल्या. थुआनने माझ्याकडे पाहिले, पण आईसमोर तो बोलला नाही. माझी समजूत अशी होती की आवाज थांबला की पावले आपोआप विस्कटतील. तसे झाले नाही. ही माणसे माझ्याबरोबर इतकी वर्षे चालली आहेत की ठेका त्यांच्या पोटऱ्यांत मुरला आहे. बारा जणांचे पाय एकदम पडत होते आणि फळ्यांवर तो आवाज चिपळ्यांहून मोठा येत होता. थोडे पुढे गेल्यावर पूल डावीकडे सरकला. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा थोडा जास्त.

पुढच्या डाव्या खांद्यावरचा लुओम हळूच म्हणाला, "काका, वाजवा हो. पाय चुकतील."

मी म्हणालो, "चुकू देत."

"चुकत नाहीयेत ना पण."

मग मी चिपळ्या काढून वेडावाकडा ठेका धरला. एक लांब, दोन आखूड, मध्येच काही नाही. हा माझा दुसरा प्रयत्न फसला, कारण माझी माणसे फार चांगली आहेत. मी जसे वाजवले तसे त्यांनी पाय टाकले, सगळ्यांनी, एकदम. हाताला धरायचा तारदोर एका बाजूला सैल लोंबत होता आणि दुसऱ्या बाजूला ताणून वाजत होता. मागे काठावर कोणीतरी बाई रडायची थांबली. रडायची थांबलेली बाई मला जास्त ऐकू येते. आम्ही मध्याजवळ होतो. पेल्यातले पाणी कडेपर्यंत जाऊन परत येत होते, पण सांडत नव्हते. त्यावेळी मला किन्ह दिसला असे मी म्हणणार नाही. मला बाक दिसला, आणि मास्तर नसताना आमचा वर्ग कसा होत असे ते आठवले. प्रत्येक पोर आपापली कविता मोठ्याने घोकत असे आणि कोणाचे कोणाला ऐकू येत नसे.

मी ओरडून सांगितले, "चिपळ्या बंद. शाळेत जी कविता शिकलात ती म्हणा. प्रत्येकाने आपली. मोठ्याने. तिच्यावर चाला, शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका."

म्होरक्याचा शब्द पेटीखाली असताना मोडायचा नसतो. लुओमने सुरुवात केली. त्याच्यामागच्याने दुसरीच धरली. कोणाला कविता आठवेना तर त्याने खताच्या जाहिरातीतले गाणे घेतले. एकाने मुलीला झोपवायचे गाणे म्हटले.

मागून न्यान ओरडला, "काका, मी शाळेत गेलोच नाही."

"मग पाढे म्हण."

"ते तरी कुठे शिकवले?"

"बायकोशी भांडतोस ते म्हण."

त्याने ते म्हटले. त्यातले शब्द येथे लिहून घेण्यासारखे नाहीत, परंतु त्याचे पाऊल त्या दिवशी सगळ्यांत उपयोगी पडले, कारण त्याला कोणताच ठेका नव्हता.

पेटी बदकासारखी चालू लागली. एक कोपरा वर, एक खाली. पाणी झाकणावर सांडले, झाकणावरून कडेने ओघळले. थुआन म्हणाला, "पाणी. काका, पाणी सांडतंय."

मी म्हणालो, "सांडू दे. तुलाही काहीतरी येत असेल, तेही म्हण."

तो शिव्या देईल असे मला वाटले होते. त्याने पेल्याकडे पाहिले, मग आईच्या पेटीकडे पाहिले आणि म्हणू लागला. त्याने जे म्हटले ते त्याला त्याच्या आईने शिकवलेले होते. ते त्याचे आहे, म्हणून मी येथे सांगत नाही.

डावीकडे उजवीकडे जाणारा पूल तेरा माणसांच्या त्या गोंगाटाखाली गोंधळला. त्याला कोणाचे ऐकावे ते कळेना. झोका कमी झाला, मग तो नुसता थरथरत राहिला, दारावरून ट्रक गेल्यावर कपाटातली भांडी वाजतात तसा. अशा तऱ्हेने बारा खांदेकरी, आईपुढे उलटा चालणारा मुलगा, लान्ह आजी आणि मी पलीकडे पोचलो. लुओमने जमिनीवर पाय ठेवला तरी त्याची कविता संपली नव्हती. ती त्याने पूर्ण केली. मी त्याला थांबवले नाही. चांगली कविता आहे.

त्यानंतर काठावर थांबलेली मंडळी मी थोडी थोडी करून पार आणली. त्यांनाही तोंड बंद ठेवू दिले नाही. म्हाताऱ्या बायकांनी जप केला, ढोलवाल्याने ढोल डोक्यावर घेऊन गाणे म्हटले. सगळे आले. मुहूर्त टळला नाही. आजीला त्यांच्या पतीशेजारी ठेवले. पेल्यात काही उरले नव्हते. तो मी झाकणावरून उचलला तेव्हा मला फार आनंद झाला होता. मयताच्या ठिकाणी एवढा आनंद होणे बरे नाही हे मला कळते. मी तो चेहऱ्यावर येऊ न देण्याचा प्रयत्न केला. तो आला असल्यास तोही तक्रारीत धरावा.

जेवणाच्या वेळी थुआनने मला वाढले नाही. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "पूल तर पडला नाही. मग माझ्या आईचं पाणी कशासाठी सांडलं?"

पूल पडला नाही ही गोष्ट खरी आहे. मी ठेका मोडला नसता तर तो पडलाच असता हे मला सिद्ध करता येणार नाही. ज्याने सिद्ध केले तो माझ्या बाकावरचा होता. दुसऱ्या दिवशी थुआनने तक्रार दिली.

तक्रार आल्यावर अधिकारी फुंग पुलावर आले व त्यांनी पंचनामा केला. घटनास्थळी कोणी फिरू नये म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना दोर बांधून शिक्का मारला. तेव्हापासून पुलावरून कोणी जात नाही. शाळेची मुले भरतीच्या वेळी होडीने जातात, शाळेनेही आपली वेळ तशी बदलली आहे. एवढे अर्ज, शिफारस आणि अकरा माणसे यांनी जे झाले नाही ते सांडलेल्या पाण्याने झाले.

काल दुपारी थुआन पपनसांची पिशवी घेऊन माझ्या घरी आला. आमच्यात बोलणे झाले ते असे.

तो म्हणाला, "काका, मी रागात होतो. उद्या चौकीत जाऊन तक्रार मागे घेतो. तुम्ही फक्त चुकून झालं म्हणा."

मी म्हणालो, "चुकून झालं नाही."

"बरं, मग माफी मागा. दोन ओळींत मिटेल."

"मिटलं की दोर सुटेल, थुआन."

माझ्या ओसरीवरून पूल दिसतो. थुआनचा नातू पलीकडच्या शाळेत जातो. त्याने तिकडे पाहिले. मग म्हणाला, "किती दिवस माफ करायचं नाही?"

"नवा पूल होईस्तोवर."

"तोवर तुम्ही राहाल का?"

"नाही राहिलो तर खटला माझ्या मुलावर चालव. तोही ठेक्यात कच्चा आहे."

तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा. मग त्याने विचारले, "पण अपमान तर झालाच ना आईचा?"

मी म्हणालो, "झाला. मोठा झाला. एवढा मोठा की दोन ओळींत मिटवू नकोस." त्यावर आम्ही दोघांनी एक पपनस सोलून खाल्ले. आंबट होते.

अधिकारी फुंग यांनी मला दोनदा विचारले की, प्रकरण चालू असेपर्यंत घटनास्थळाचा शिक्का काढता येत नाही, हे मला समजते काय. मला समजते. पाणी अनवधानाने सांडले काय, असे विचारले असता सांगतो की, नाही, ते मी जाणूनबुजून सांडवले. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा सांडवीन. मी माफी मागत नाही व मागणारही नाही. अपराध गंभीर असल्याने माझी विनंती आहे की, घटनास्थळाची पूर्ण तपासणी व्हावी, तारदोर ठोकळ्यात जेथे शिरतो तेथपासून व्हावी, त्यासाठी क्वाच थी दिएम बाईंना साक्षीस बोलवावे आणि तपासात घाई होऊ नये. तालुक्यातले तीन म्होरके परवा माझ्याकडे पुलावर कसे चालावे ते शिकायला आले होते. ती नावे मी आनंदाने देईन, त्यांचेही जबाब घ्यावेत, म्हणजे प्रकरण आणखी लांबेल. शहरातला तिशीचा मुलगाही त्यांत होता. त्याला एकही कविता येत नाही. त्याला मी पहिली कविता शिकवली आहे.

(येथे जबाब देणाऱ्यांनी सदर कविता म्हणून दाखवली. तिचा प्रकरणाशी संबंध आढळल्याने ती स्वतंत्र कागदावर लिहून सोबत जोडली आहे.)

अधिकारी फुंग यांनी हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. मी तो डोळे मिटून ऐकला. तो माझ्या बोलण्याप्रमाणे खरा आहे. तक्रारीच्या टिपणात "पेल्यातील थोडे पाणी सांडले" असे लिहिले होते, त्यास मी हरकत घेतली. तक्रारदार थुआन चौकीत हजर होते, त्यांनीही हरकत घेतली. त्यावरून "थोडे" हा शब्द खोडून "सर्व" असा केला असून, खाडाखोडीजवळ आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

लाम वान खियेत